‘दुखतंय’ या एका शब्दाच्या पोटात

“परत आलं,” खुर्चीत बसायच्या आधीच त्या म्हणाल्या. उजवा तळहात गालापासून बोटभर अंतरावर होता. गालाला टेकवलेला नव्हता, नुसता आडोसा करावा तसा धरलेला. चेहऱ्याच्या नसेचं दुखणं वर्षानुवर्षं काढलेली माणसं असाच हात धरतात. वाऱ्याची झुळूक, कुणाचा कोपर, स्वतःचेच सुटलेले केस, काहीही लागू नये म्हणून.

शस्त्रक्रियेला पाच आठवडे झाले होते.

मी वेदना-उपचार विभागात फिजिओथेरपिस्ट आहे. हे प्रकरण दुर्मिळ म्हणून लिहीत नाही. ते इतकं नेहमीचं आहे की त्यावर कुणी लिहीत नाही. त्यात माझ्या दोन चुकाही आहेत. पेशंटची ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे आमच्या विभागात सगळे त्यांना ‘बाई’च म्हणायचे. इथेही तेच नाव ठेवते.

आधीची सहा वर्षं

बाईंचं वय ५८. त्रास सुरू झाला बावन्नाव्या वर्षी, एका सकाळी दात घासताना. उजव्या खालच्या दाढेतून कानाकडे वीज गेली आणि ब्रश बेसिनमध्ये पडला. दोन-तीन सेकंदांचा खेळ. मग दिवसभर काहीच नाही. आठवड्याभराने पुन्हा. मग बोलताना, घास चावताना, तोंडावर पाणी मारताना.

दाढेत कळ येते म्हणजे दाढच खराब, असं कुणालाही वाटेल, आणि तसंच झालं. पहिली दाढ काढली आणि चार महिने खरोखर आराम पडला. या आजाराची ही जुनी लबाडी आहे. तो मधूनमधून आपणहून गप्प बसतो आणि त्या काळात जो उपचार झाला असेल त्याला श्रेय मिळतं. दुखणं परतल्यावर शेजारची दाढही गेली. या वेळी मात्र चार दिवसांचासुद्धा आराम नाही. मग मेंदूरोगतज्ज्ञांकडे गेल्यावर निदान पाच मिनिटांत झालं : ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या पाचव्या मेंदू-नसेचं दुखणं. या नसेच्या तीन शाखा असतात : कपाळ-डोळा, गाल-वरचा जबडा आणि खालचा जबडा. बाईंचा त्रास खालच्या दोन शाखांचा होता. आजार जुनाच आहे. निकोला आंद्रे या फ्रेंच शल्यविशारदाने १७५६ मध्ये त्याला ‘टिक डुलुरू’ म्हटलं, म्हणजे वेदनेने येणारा चेहऱ्याचा झटका.

कार्बामॅझेपिन सुरू झालं. १९६२ पासून या दुखण्यावर वापरात असलेलं आणि आजही पहिलं दिलं जाणारं औषध. बाईंना गुण आला, पण डोस वाढत वाढत दिवसाला १००० मिलिग्रॅमवर गेला. रक्तातलं सोडियम उतरलं, चालताना भिंत धरावी लागू लागली. “नववीच्या वर्गासमोर फळ्यावर साधी वजाबाकी चुकले,” त्यांनी मला सांगितलं, “आणि मुलं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं.” शस्त्रक्रियेला त्या तयार झाल्या ते या वजाबाकीमुळे. विजेमुळे नाही.

एमआरआयमध्ये दिसलं की सुपीरियर सेरेबेलर आर्टरी या रोहिणीचा वळसा नसेच्या मुळाशी टेकला आहे. मेंदूतली रक्तवाहिनी नसेला दाबते आणि म्हणून हे दुखणं येतं, असं अमेरिकी मेंदूशल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३४ मध्ये मांडलं होतं. पुढे १९६७ मध्ये पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तो दाब दाखवला आणि त्यातून आजची शस्त्रक्रिया उभी राहिली. तिचं नाव मायक्रोव्हॅस्क्युलर डीकंप्रेशन. कानामागे कवटीला छोटी खिडकी करतात, रोहिणी नसेपासून बाजूला सारतात आणि मध्ये टेफ्लॉनचा लोकरीसारखा कापूस ठेवतात. नस कापत नाहीत, जाळत नाहीत.

भूल उतरल्यावर बाईंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे जीभ हळूच उजव्या हिरडीवरून फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली.

मग पाचव्या आठवड्यात काय परत आलं?

सर्जनच्या चिठ्ठीत होतं, “वेदना परतल्याची तक्रार. तपासणीत विशेष काही नाही.” हे वाक्य पेशंटला टोचतं, आपल्यावर कुणाचा विश्वास नाही असं वाटतं. मला मात्र त्याचा आधार असतो. ताप नाही, मान ताठ नाही, जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव नाही, घशात खारट पाणी उतरत नाही, ऐकू कमी येत नाही, चेहरा वाकडा झालेला नाही, एवढं सगळं तपासून कुणीतरी ते वाक्य लिहिलेलं असतं. यातलं एकही लक्षण असतं तर त्या दिवशी बाई माझ्या खुर्चीत नसत्या, सर्जनच्या टेबलावर असत्या.

मध्ये आणखी एक घोळ झाला होता. ऑपरेशन झालं, आता गोळी कशाला, असं घरच्या घरी ठरवून दहाव्या दिवशी सगळ्या गोळ्या एकदम बंद केल्या होत्या. बाराव्या रात्री तीन-चार कळा आल्या. अख्खं घर जागं. सर्जननी दुसऱ्या दिवशी गोळी पुन्हा सुरू केली आणि दर आठवड्याला थोडी थोडी कमी करत आणायचं ठरलं. हे औषध पायरी पायरीने उतरायचं असतं, एकदम उडी मारून नाही. पण त्या रात्रीने बाईंच्या मनात एक गोष्ट पक्की बसवली : ऑपरेशन फसलं.

मी नेहमीप्रमाणे विचारलं, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?

“सात. पण सात म्हणजे कशाचे सात? कालचं दुखणं आणि आजचं दुखणं एकाच पट्टीवर मोजायचं का? एकक तरी एक आहे का?”

आकड्यांशी ज्यांचं वैर असतं ते पेशंट ही पट्टी निमूट मान्य करतात. आयुष्यभर आकडे शिकवलेल्या बाईंनी ती पहिल्याच दिवशी मोडीत काढली, आणि त्यांचं बरोबर होतं. वेदना मोजण्याआधी ती कोणत्या जातीची आहे हे विचारावं लागतं. वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेचं वर्णन नोंदवणारी मॅगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली तेव्हा त्यात वेदनेची ७८ विशेषणं २० गटांत लावली होती, ती याचसाठी. मराठी पेशंटला ती यादी भाषांतर करून वाचून दाखवायची मला कधीच गरज वाटली नाही. कळ, सणक, चमक, ठणका, ओढ, आग, चुणचुण, सल, बधिरपणा. आपल्याकडे शब्दांची कमी नाही. दवाखान्यात आल्यावर मात्र आपण सगळे सभ्यपणे ‘दुखतंय’ म्हणतो.

म्हणून विचारलं, “बाई, वीज की आग?”

त्या थांबल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “वीज नाही. म्हणजे... आज तरी नाही.”

चार रकाने

चौकटीच्या वहीत त्यांनीच रकाने आखले, पट्टीने. तीन दिवसांनी वही आली ती अशी.

*सणक.* विजेसारखी, सेकंदभर. तीन दिवसांत दोनदा, दोन्ही वेळा दात घासताना. हेच जुनं दुखणं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अशा तुरळक सणका येऊ शकतात, बऱ्याच जणांच्या विरत जातात.

*ठणका.* कानामागे आणि मानेच्या वर. मान वळवली की जास्त, साध्या पॅरासिटामॉलने कमी. हा खिडकीचा ठणका. तिथले स्नायू बाजूला केलेले असतात, डोक्याच्या कातडीकडे जाणाऱ्या बारीक नसा दुखावलेल्या असतात. पॅरासिटामॉल हा इथला छान पंच आहे. खऱ्या सणकेवर ते काहीच करत नाही. त्यामुळे गोळीने ज्याला उतार पडला ते जुनं दुखणं नव्हे, हे पेशंटला स्वतःच पडताळता येतं.

*ओढ.* उजवा जबडा, सकाळी उठताना आणि बराच वेळ बोलून झाल्यावर. बोट दाबलं की गाठ लागते. सहा वर्षं बाईंनी डाव्याच बाजूने चावलं, तोंड अर्धंच उघडलं, झोपेतही दात आवळले. चावण्याचा स्नायू आखडणारच.

*आग-चुणचुण.* खालच्या ओठाचा उजवा कोपरा आणि हनुवटी. दिवसभर मंद, स्पर्शाने वाढणारी. जणू तिखटाचं बोट लागलंय आणि धुवूनही जात नाही. शस्त्रक्रियेत नसेला हात लागलेला असतो, ती सावरताना असे संदेश पाठवते. या रकान्यावर सगळ्यात जास्त खुणा होत्या.

एवढी चार दुखणी ‘परत आलं’ या दोन शब्दांत बसवलेली होती. आणि त्यांतलं जे खरोखर परत आलं म्हणता येईल ते तीन दिवसांत मिळून दोन सेकंदांचं होतं.

हे दाखवल्यावर बाईंना हायसं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. त्या वहीकडे बघत राहिल्या आणि विचारलं, “पण येणार नाही असं लिहून द्याल?”

नाही देणार, मी म्हटलं. या शस्त्रक्रियेचा एक मोठा पाठपुरावा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, जॅनेटा यांच्याच चमूचा, ११८५ पेशंटांचा. दहा वर्षांनंतर सुमारे ७० टक्के जणांचा आराम औषधाशिवाय टिकून होता.

“म्हणजे उरलेले तीस.”

“हो. त्यांतल्या काहींना थोडा आराम होता. पण हो, तीस.”

अशा वेळी तीस टक्क्यांना साखरेत घोळवून देणारे सहकारी मी पाहिले आहेत. घरी जाऊन पेशंट तो आकडा शोधतोच, आणि मग सत्तरवरचाही त्याचा विश्वास उडतो. बाईंनी तीस लिहून घेतलं. पुढच्या सहा महिन्यांत त्यांनी तो आकडा पुन्हा काढला नाही.

माझी पहिली चूक

बाईंचं तोंड २४ मिलिमीटर उघडत होतं. साधारण माणसाचं ३५ ते ५० उघडतं. स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये मावतात का बघा, हाच त्याचा अंदाज. बाईंची दीड बोटं मावत होती. मला घाई झाली. दुसऱ्याच भेटीत जबडा ताणायचे व्यायाम दिले, दिवसातून सहा वेळा, ‘थोडं दुखलं तरी चालेल’ या शेऱ्यासकट. शिस्तीच्या बाई, त्यांनी सहाच्या सहा वेळा केले. दोन दिवस जबडा ठणकला, त्यातून ओठाची आग वाढली, आणि आग वाढली म्हणून सणक येईल या भीतीने त्यांनी जेवणच जवळपास सोडलं.

गुडघा ताणताना चालणारा शेरा चेहऱ्याला चालत नाही. सहा वर्षं ज्या जागेतून वीज आली त्या जागेला ‘थोडं दुखलं तरी चालेल’ हे वाक्य समजतच नाही. शस्त्रक्रियेने दाब काढला होता, पहारा उठला नव्हता. पहाऱ्यावरच्या शिपायाला लढाई संपल्याचं कुणी कळवलेलं नसतं. तो प्रत्येक पावलाला गोळी झाडतो.

मग उलट बाजूने सुरुवात केली. ताणणं बंद. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला टेकलेलं, ही जबड्याची विसाव्याची स्थिती. दर तासाला एकदा आठवायची, एवढाच व्यायाम. जीभ टाळूला ठेवूनच तोंड उघडायचं, म्हणजे आपोआप अर्ध्यावर थांबतं. कोमट ओला टॉवेल दहा मिनिटं, पण आधी डाव्या गालावर लावून बघायचा. बधिर कातडीला चटका बसल्याचं कळत नाही. याच कारणाने उजव्या बाजूने चावायला लागल्यावर ओठाची आतली बाजू रोज आरशात बघायची. चावलेला ओठ समजला नाही तर जखम होते, आणि त्या जखमेलाही मग ‘परत आलं’ म्हटलं जातं.

ओठाचा कोपरा

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दोन बोटांच्या पेरांएवढ्या या जागेवर.

पद्धत सोपी आहे, कंटाळवाणी आहे. आरशासमोर बसायचं. कापसाचा बोळा आधी डाव्या हनुवटीवर दोन मिनिटं. तो स्पर्श कसा आहे ते स्वतःला सांगायचं : मऊ, कोरडा, हलका. मग मध्यावर. मग उजवीकडे, जिथे आग सुरू होते त्या सीमेच्या अलीकडेच थांबायचं. दुसऱ्या दिवशी सीमेवर. आठवड्याने कापसाऐवजी मऊ ब्रश, मग टॉवेलचं टोक. दिवसातून चार वेळा, दोन-दोन मिनिटं. घड्याळ लावून. ‘जमेल तेवढं’ असं ठेवलं की चांगल्या दिवशी माणूस वीस मिनिटं करतो आणि वाईट दिवशी शून्य. दोन्हींनी नुकसान होतं.

पहिल्या दिवशी माझ्यासमोर बाईंनी बोळा सीमेवर नेला तेव्हा त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्याला घट्ट आवळला होता. खांदे कानापर्यंत चढलेले. श्वास रोखलेला. दुखणं किती हे विचारण्यापेक्षा तो हात बघणं मला जास्त उपयोगी वाटतं. पंधराव्या दिवशी तोच हात मांडीवर मोकळा पडला होता. आकडा मात्र दोन्ही दिवशी पाचच सांगितला होता.

आमच्या डॉक्टरांनी या काळात रात्री गॅबापेंटिन कमी डोसात दिलं, आगीसाठी. बाईंच्या मते त्याने आगीपेक्षा झोप सुधारली. माझ्या मते झोप सुधारली म्हणून आग सुधारली. यावर आमचं एकमत झालं नाही.

दुसरी चूक, आणि ‘दुखतंय का?’

वहीचं फार कौतुक केलं, ही दुसरी चूक. माझ्याकडे येऊ लागल्यानंतरच्या चौथ्या आठवड्यात वही उघडली तर एका दिवसाच्या चाळीस नोंदी. दहा वाजून पाच : चुणचुण. दहा वाजून बारा : चुणचुण, किंचित कमी. वेदना ओळखायला दिलेली वही वेदनेची राखण करू लागली होती. दिवसातून दोनच नोंदी, सकाळी आणि झोपताना, असं ठरवलं. बाईंना ते आवडलं नाही. विदा कमी पडेल म्हणाल्या.

दुसरी राखण घरात होती. यजमान निवृत्त, दिवसभर घरी, जिवाला घोर. ते एकदा सोबत आले तेव्हा अर्ध्या तासात त्यांनी “अगं, दुखतंय का?” असं सात वेळा विचारलं. मी मोजलं. प्रत्येक वेळी बाईंची जीभ नकळत उजव्या हिरडीकडे जात होती, तपासायला. दुखत नसलेल्या क्षणीही दुखण्याची चौकशी होत होती.

त्यांना न विचारायला सांगणं क्रूरपणाचं झालं असतं. त्या माणसाने सहा वर्षं असहाय होऊन ती वीज बघितली होती. मी म्हटलं, रात्री वहीत नोंद करताना एकदाच विचारा, आणि तेव्हा सगळं विचारा. दिवसा विचारावंसं वाटलं तर दुसरं काहीही विचारा. पुढच्या भेटीत बाई म्हणाल्या, “हे आता मला दिवसभर ‘चष्मा कुठे ठेवला?’ एवढंच विचारतात.”

सहा महिने

कार्बामॅझेपिन नवव्या आठवड्यात पूर्ण बंद झालं. शेवटची सणकही त्याच आठवड्यातली, दात घासतानाची. सोडियम जागेवर आलं. कानामागचा ठणका तिसऱ्या महिन्यानंतर फक्त उजव्या कुशीवर झोपल्यावर उरला. तोंड ३८ मिलिमीटर उघडू लागलं. तिसरं बोट मावतं, जरा कुरकुरत. शाळा सुरू झाली, आधी दिवसाला दोन तास, मग चार. गॅबापेंटिन अजून चालू आहे, अर्ध्या डोसावर.

ओठाचा कोपरा बरा झालेला नाही. तिथली आग दहातली दोन म्हणतात, पट्टीवर अविश्वास कायम ठेवून. शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटून राहिलेली वेदना दीर्घकालीन धरली जाते. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या ही तीच. ती जाईल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. गार वाऱ्यात त्या अजून स्कार्फ बांधतात. तो सोडवायचा मी प्रयत्न केला, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “तुम्हाला थंडी वाजली तर तुम्ही बांधत नाही का?” मी तो विषय सोडला.

सहाव्या महिन्याच्या भेटीत वही पाहिली. सणकेच्या रकान्यात नवव्या आठवड्यानंतर रोज दोन शून्यं, सकाळचं आणि रात्रीचं, ओळीने, पानामागून पान. मी म्हटलं, बाई, हा रकाना आता बंद करूया का?

“रिकामं आणि शून्य एक नसतं,” त्या म्हणाल्या. “रिकामं म्हणजे बघितलं नाही. शून्य म्हणजे बघितलं, आणि नव्हतं.”

तर तो रकाना चालू आहे. रात्रीचं शून्य आता यजमान लिहितात. पुढची भेट तीन महिन्यांनी ठेवली आहे, वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर.